मिसेस हेलनची मेम्फिसची धून

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केलेली बाई आहे. अंगात येणं, नजर लागणं असलं काही आमच्या घरात कधी चाललं नाही. नव्या गाडीला लिंबू-मिरचीसुद्धा मी बांधू दिली नव्हती. तरी हे लिहितेय, कारण ते माझ्या डोळ्यांदेखत घडलं... माझ्याच हॉलमध्ये.

साल सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव असेल. अबुधाबीला इलेक्ट्रा स्ट्रीटच्या मागे आमचा फ्लॅट होता. नवरा, सुनील, रुवैसच्या रिफायनरीत. तिकडे सुट्टी गुरुवार-शुक्रवार, म्हणून बुधवारी संध्याकाळी यायचा, शुक्रवारी परत. एरवी मी आणि आमची नऊ वर्षांची ईरा. समोरच्या फ्लॅटमध्ये वॉल्टर हा अमेरिकन पायलट एकटाच राहायचा. समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर माणसं नेणारं-आणणारं हेलिकॉप्टर चालवायचा. त्याची आई, मिसेस हेलन, दर हिवाळ्यात मेम्फिसहून त्याच्याकडे राहायला यायच्या.

पंच्याहत्तरी ओलांडलेली ही बाई तरुणपणी स्वतः वैमानिक होती! महायुद्धात मेम्फिसच्या तळावरून मुली नवी विमानं जागोजागी पोचवायच्या, त्यातल्याच या एक. "लढायला आम्हाला कोण पाठवणार? पण विमान पोचवायला आम्ही चालायचो," असं हसत सांगायच्या. एकदा शेतात विमान उतरवावं लागलं, तेव्हापासून डाव्या हाताची शेवटची दोन बोटं आत वळलेली राहिली. आणि तरी पियानो असा वाजवायच्या, की आपण भाजी जळेपर्यंत ऐकत बसावं.

मेम्फिस म्हणजे नदी, कापसाच्या वखारी आणि बील स्ट्रीटवरचं ब्लूज संगीत. त्यांच्या वडिलांनी त्या रस्त्यावर जायला बंदी केली होती. मग मिसेस हेलन कृष्णवर्णीयांच्या चर्चच्या खिडकीखाली बसून ऐकायच्या. शेवटी तिथे पियानो वाजवणाऱ्या बाईनेच त्यांना आत बोलावून शिकवलं. "आमच्या गावात वर विमानं आणि खाली गाणं, मधे कुठे शांतता नाही," असं म्हणायच्या.

ईरा त्यांच्याकडेच पियानो शिकत होती. एकदा ती शाळेत असताना मी सहज डोकावले, तर मिसेस हेलन एक संथ, जड धून वाजवत होत्या. मी विचारलं, "ही कुठली?"

"बराकीतली. एखादी मुलगी उड्डाणावरून परत आली नाही, की आम्ही वाजवायचो." त्यांनी झाकण लावलं. "ही मी ईराला शिकवणार नाही."

त्या उन्हाळ्यात मेम्फिसमध्येच त्या गेल्या. वॉल्टर अंत्यविधी उरकून परत आला आणि पियानो आमच्याकडे ढकलत आणला. "यल्ला, चल ईरा, आता हा तुझा."

डिसेंबरमधली दुपार होती. शाळेला सुट्टी. वॉल्टर आमचा डबा परत द्यायला आला होता, मी किचनमध्ये कॉफी करत होते – आणि हॉलमधून तीच धून आली.

मी तशीच बाहेर धावले. ईरा पियानोवर बसली होती. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं तळव्यात घट्ट वळवून, उरलेल्या बोटांनी वाजवत होती. दारात वॉल्टर उभा, चेहरा पांढराफटक.

"ईरा! कोणी शिकवलं तुला हे?"

"नोबडी, आई. आय जस्ट नो इट." ती मधेच उठली आणि टीव्ही लावून बसली.

वॉल्टर खाली बसला. इंग्रजीतच, पण अगदी हळू म्हणाला, "मी लहान असताना आईने हे एकदाच घरी वाजवलं. त्याच दिवशी माझे वडील विमानासकट गेले. पण बातमी आली ती नंतर... तिचं वाजवून झाल्यावर."

दुसऱ्या दिवशी त्याची ड्यूटी होती. सकाळी बेसवर फोन करून ताप आल्याचं खोटंच कळवलं आणि तो घरीच राहिला. त्याच्या जागी एक तरुण आयरिश पायलट गेला. परतताना हेलिकॉप्टर समुद्रात पडलं. कोणीच वाचलं नाही.

मी सुनीलला रुवैसला फोन केला. तो म्हणाला, "अगं, योगायोग असतो. कधीतरी ऐकलं असेल तिने."

"आणि बोटं? ती वळवायला कोणी शिकवलं?"

"बुधवारी आलो की बोलू," म्हणून त्याने फोन ठेवला.

चार दिवसांनी वॉल्टर आला. दाढी वाढलेली. "माझा अनुभव त्याच्यापेक्षा जास्त. मी असतो तर कदाचित पाण्यावर नीट उतरवलंही असतं."

"किंवा तुम्ही गेला असतात," मी म्हटलं.

"हो. पण आई कोणासाठी वाजवत होती? माझ्यासाठी, की त्याच्यासाठी? त्याच्यासाठी असेल, तर त्याला तिथे बसवलं कोणी?"

महिन्याभरात नोकरी सोडून तो मेम्फिसला निघून गेला. पुन्हा कधी हेलिकॉप्टरला हात लावला नाही म्हणे.

ईराला मी नंतर ती धून वाजवायला सांगून पाहिली. जमेना. डॉक्टरांनी बोटं तपासली, काही दोष नाही. आज ती मोठी झालीये. ग्रॅनी हेलन तिला नीट आठवतात, ती दुपार मात्र अजिबात नाही.

वॉल्टर मेम्फिसला गेल्यावर थोड्याच दिवसांनी बेल वाजली. दारात एक गोरी, बारीकशी मुलगी. त्या आयरिश पायलटची बायको. मायदेशी परतण्याआधी वॉल्टरला भेटायला आली होती. तो अबुधाबी सोडून गेल्याचं मी सांगितलं, तर घुटमळत उभी राहिली.

"त्या दिवशी त्याला फार ताप होता म्हणे," ती म्हणाली. "आता बरा आहे ना तो?"

"हो," मी म्हटलं. "बरा आहे."

"गुड," असं म्हणून ती लिफ्टकडे गेली. तिला काय सांगायला हवं होतं, ते मला तेव्हा कळलं नाही. आजही कळत नाही.