गेल्या वर्षीचा रविवार

येत्या रविवारी नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू होतोय आणि चर्चमधलं बायबलचं पहिलं वाचन नातीकडे आलंय. दोन दिवस ती पाठ करत घरभर फिरतेय. मी विचारलं, "कुठल्या वर्षाचं काढलंस?"

"कुठलं म्हणजे? चालू आहे तेच. अ."

मला हसू आवरेना. नेमकी हीच चूक मी केली होती.

आमच्याकडे रविवारची वाचनं तीन वर्षांच्या फेऱ्यात येतात: अ, ब, क. आणि चर्चचं वर्ष जानेवारीत बदलत नाही, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी बदलतं. हे मला ठाऊक होतं. पण त्या वेळी मी चाळिशीची, शाळेत मराठी शिकवणारी, आणि चर्चमध्ये वाचायला उभी राहणारी आमच्यातली पहिली बाई. एवढ्या थाटात असलं बारीकसारीक कोण बघतो!

बायकांनी तिथे उभं राहणं सासूबाईंना पसंत नव्हतं. "एकदा फजिती झाली की परत कोणी बोलावणार नाही," असं त्यांनी बजावलं होतं. त्यात मला चष्मा लागलेला, आणि नव्या साडीवर तो शोभत नाही असं माझं ठाम मत. म्हणून सगळं तोंडपाठ केलं.

उभी राहिले. समोर पुस्तक उघडं, अक्षरं धूसर. खणखणीत आवाजात पाठ केलेल्या वाचनातल्या तलवारींचे नांगर केले आणि रुबाबात खाली उतरले.

प्रवचनाला फादर उठले. "आजच्या वाचनात देव कुंभार आहे आणि आपण माती. आत्ता ऐकलंत ते गेल्या वर्षीचं होतं. आमचं हे मडकं अजून भाजायचंय."

सगळं चर्च हसलं. घरी येईपर्यंत सासूबाई चार पावलं पुढे. दारात म्हणाल्या, "अगं, आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला. आता चष्मा घाल आणि पुढच्या रविवारी जा. फादरांना मी सांगून आलेय."

तेव्हापासून वाचतेय. चष्म्यासकट.

नातीला मी ब वर्षाचं पान काढून दिलं. तिचा चेहरा उतरला. "म्हणजे एवढं पाठ केलेलं वाया?"

"वाया कसलं? दोन वर्षांनी परत येतं. माझं अजून पाठ आहे."