कळलावीचा कागद

मी बॉटनी घेतली ती डॉक्टरीला मार्क कमी पडले म्हणून. अर्ध्या वर्गाची तीच कथा. आवडीनं आलेली एकटी सुगंधा. मी मुलुंडच्या सोसायटीतली, ती त्याच मुलुंडच्या चाळीतली. तिचे वडील काशीराम गिरणीत होते. ब्याऐंशीच्या संपात गिरणी बंद पडली आणि ते घरी बसले ते बसलेच. आई, मालनकाकी, चार घरचा स्वयंपाक करायच्या. चाळीत पहिली पदवी सुगंधाची येणार, हे त्यांनी नळावर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

शेवटच्या वर्षाला प्रत्येकीनं किमान पंचवीस वनस्पती गोळा करून, दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून द्यायच्या होत्या. ती फाईल नसेल तर मॅडम जर्नलवर सही करत नसत, आणि सहीशिवाय प्रॅक्टिकलला बसता येत नसे. श्रावण-भाद्रपदात सुगंधा मला ओढून मुलुंड कॉलनीच्या मागच्या डोंगरपायथ्याशी न्यायची. मी चिखलाला नाक मुरडत छत्री धरून उभी. ती मात्र गुडघाभर गवतात शिरून तेरडा, आघाडा, भारंगी उपटून आणायची. बरीचशी झाडं दोन-दोन, एक तिला आणि एक मला. कळलावीचं फूल सापडलं तेव्हा ती चक्क नाचली होती.

"तू ना यार, झाडाशीच लग्न कर," मी म्हटलं.

"करेन की, उत्तरा. निदान हुंडा तरी मागणार नाही."

तिची रोपं वर्तमानपत्रांच्या घडीत कॉलेजच्या कपाटात होती. मार्चमध्ये, परीक्षेला आठवडा उरला असताना, चिकटवायला म्हणून तिनं चाळीसच्या चाळीस घरी नेली. दहा बाय बाराच्या खोलीत उंदरांपासून आणि धाकट्या भावंडांपासून सुरक्षित जागा एकच, देवाची फळी. रात्री तिनं गठ्ठा देवांच्या मागे सरकवला. सकाळी गडबडीत घरी सांगायचं राहिलं.

त्या दिवशी मालनकाकींनी पाडव्याची साफसफाई काढली. देवांमागे वाळका गठ्ठा. वरचाच कागद उघडला तर दुर्वा, खाली आघाडा, मग तेरडा. सगळी गणपती-गौरीची पत्री! वाचता येत नव्हतं, पण निर्माल्य त्यांना बरोबर ओळखता यायचं. ते कचऱ्यात टाकायचं नाही, पायदळी येऊ द्यायचं नाही. भर उन्हात बाई रेल्वेचा पूल ओलांडून पूर्वेच्या खाडीपर्यंत चालत गेल्या.

सुगंधा घरी आली तेव्हा त्या पाय चोळत बसल्या होत्या. "देवामागे केवढा निर्माल्य साठलला गो! खाडयेत सोडून इलंय. पाय मोडले माझे."

सुगंधा तेलाची वाटी घेऊन त्यांचे पाय चोळायला बसली. हे सगळं तिनं मला दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या दारात सांगितलं. मार्चात डोंगरपायथ्याला वाळक्या गवताशिवाय काही नव्हतं, आणि आठवड्याभरात पंचवीस झाडं दाबून वाळतही नाहीत. मॅडमना दया आली, पण सही नाही ती नाहीच.

माझ्या फाईलमध्ये सत्तावीस कागद होते. त्यातले चौदा तिच्या हातचे. ते परत केले असते तर मीही परीक्षेला मुकले असते. तिनं मागितले नाहीत, आणि मी फाईल छातीशी धरून उभी राहिले. आजही त्याची लाज वाटते.

"आईला सांगितलंस?" मी विचारलं.

"वेडी आहेस का? जन्मभर स्वतःला खात बसेल ती."

जूनमध्ये मी पास झाले. माझ्या आईनं दामटून सुगंधाकडे पेढे द्यायला पाठवलं. सुगंधा तोवर एका औषध कंपनीत गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात भरायला लागली होती. पुढच्या वर्षी बसेन म्हणत होती, पण त्या घरात पुढचं वर्ष परवडणार नव्हतं हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

मालनकाकींनी पेढा देवापुढे ठेवला आणि माझ्याकडे बोट दाखवत लेकीकडे वळल्या. "बघ गो, ह्या चेडू पास झाला. दोघा एकत्रच अभ्यास करी होतात मां? मग तुकाच कशाक जमाक नाय?"

काशीरामकाका भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"माझा अभ्यास कमी पडला, आये," सुगंधा म्हणाली. "उत्तरा पहिल्यापासून हुशार."

जिन्यापर्यंत ती मला सोडायला आली. म्हणाली, "कळलावीला बुरशी लवकर लागते. मधूनमधून ऊन दाखव."

माझ्या फाईलमधल्या कळलावीच्या कागदाला बुरशी लागली नाही. पुढे मी तो कॉलेजच्या संग्रहाला दिला; तो अजून तिथं आहे, आणि गोळा करणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव आहे.