शिंगाळ्याच्या तोंडातली पोरं

मासळीतलं मला कळतं, हे मी नाशकात कुणालाही बिनधास्त सांगते. सासर द्राक्षबागवाल्यांचं, इथे मासा म्हणजे धरणातला. माझं माहेर पालघरकडच्या खाडीकाठचं. लग्नानंतर पहिल्यांदा धरणातला शिंगटा घरात आला, तेव्हा सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, घे, तुझ्या माहेरचाच मासा. मिशा होत्या, अंगावर खवले नव्हते, एवढंच काय ते साम्य. मी तो रांधला आणि जेवताना सगळ्यांना ऐकवलं, की आमचा शिंगाळा खाऱ्या पाण्याचा. एक खोल समुद्रातला, मोठा, तपकिरी पाठीचा. दुसरा खाडीच्या तोंडाशी चिखलात राहणारा, काळपट. तो भरतीबरोबर नदीतही शिरतो, पण तुमच्या धरणापर्यंत काही येत नाही. सासरे म्हणाले, घाट चढायला त्याला पाय कुठे आहेत.

गेल्या वर्षी बाबांना मी नाशकात आणलं. गुडघे गेले होते, होडी विकली होती, भाऊ जहाजावर. आई आमच्या लहानपणीच गेली; आम्हा दोघांना बाबांनीच वाढवलं. आता त्यांनी माझ्याकडेच राहायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. त्यांनी ठरवलं नव्हतं. आमच्याकडची जुनी माणसं लेकीच्या घरचं पोटभर खात नाहीत. बाबा अर्ध्या भाकरीवर हात धुवायचे. मी चिडले, सासूबाईंनी हात जोडले, काही उपयोग झाला नाही. महिनाभरात सदरा अंगावर लोंबायला लागला. कपड्यांची पिशवी दाराशी भरलेलीच असायची. हा माणूस असाच उपाशी परत जाणार आणि तिकडे एकटा पडून राहणार, या विचाराने माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

कोजागिरी झाल्यावर एका रविवारी त्यांना मासळी बाजारात नेलं. समुद्राची मासळी इथे बर्फात घालून कसारा घाटातून येते. एका बाईच्या टोपलीत शिंगाळे दिसले आणि बाबा गुडघ्यांचं दुखणं विसरून खाली बसले. पाठीचा एक आणि बाजूचे दोन काटे चुकवून त्यांनी एक मासा उचलला. या दिवसांत आमच्याकडे शिंगाळा घेताना आधी त्याचं तोंड उघडून बघतात. बाबांनी अंगठ्याने जबडा खाली केला. आत गोट्यांएवढी पिवळी अंडी होती. विकणारीला वाटलं, दुसऱ्या कुणाची तरी गिळली असतील.

"नाय बाय, त्याचीच हायेत. यो नर हाय," बाबा म्हणाले. "पोरं तोंडात धरून फिरतो. ती सुटेपर्यंत काय पन खात नाय."

हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. असा मासा जिवंत सापडला तर बाबा तो परत पाण्यात सोडायचे. पण त्या दिवशी त्यांची वाळलेली मनगटं माझ्या डोळ्यांसमोर होती. भर बाजारात मी विचारलं, "आणि पोरं सुटल्यावर? मग तरी खातो का नाय?"

"खातो की. नायतर जगंल कसा?"

"आम्ही दोघं कधीचीच सुटलो, बाबा."

तो मासा बाबांनी अलगद बर्फावर ठेवला आणि शेजारचा, रिकाम्या तोंडाचा, निवडून माझ्या पिशवीत टाकला.

घरी काटे त्यांनीच मोडले. मी चिंच आणि लसूण घालून कालवण केलं, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. पहिली भाकरी संपली. सासूबाई सवयीने हात धुवायला पाण्याचा तांब्या पुढे करायला लागल्या, तर बाबांनी तो बाजूला सारला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "अजून एक घाल."

मी तव्याकडे तोंड करून घातली. डोळे इतके भरून आले होते, की ती एका बाजूने करपली. बाबांनी तीही खाल्ली.