चाळीला लागलेलं स्टायपेंड

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. नळाखालच्या फरशीला शेवाळ धरतं तसे ते आपोआप साचतात, आणि कुणाचा तरी पाय घसरला की कळतं, बरेच साचले होते! मी जेऊरहून लग्न होऊन, पुण्यापासून लांब, गिरण्यांच्या या शहरात भवानी पेठेतल्या या चाळीत आले, तेव्हा बोलायला कुणी ओळखीचं नव्हतं. मग नळावर हंडा लावायचा आणि ऐकायचं. न बोलणाऱ्या सुनेसमोर माणसं काय वाटेल ते बोलतात. ऐकता ऐकता एक गोष्ट ध्यानात आली. आमच्या चाळीत दागिन्यांवरून कुणी जळत नाही, कारण ते कुणाकडे फारसे नाहीतच. जळायचं ते सरकारच्या देण्यावर. म्हणजे सरकार दुसऱ्याच्या घरात काय देतं, त्यावर.

माझंही आधीच सांगते. मी मराठी सातवी पास आहे. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात बायकांना मास्तरीण व्हायला शिकवतात आणि शिकेपर्यंत सरकार वर स्टायपेंड देतं, हे मला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. मला ते हवं होतं. पण नव्या सुनेनं काही हवं असं म्हणायचं नसतं, म्हणून मी भाकऱ्या थापत होते.

घरात आम्ही तिघं. हे गिरणीच्या कचेरीत कारकून. सासरे लवकर गेले. सासूबाईंनी लोकांची शिवणं शिवून यांना मॅट्रिक केलं. भिंतीपलीकडे काशीकाकू. त्यांचा दत्तू, धाकटा बबन आणि लेक वत्सला. सासूबाई आणि काशीकाकू एकमेकींच्या जिवाभावाच्या मैत्रिणी. त्यामुळे एकीचं बरं झालं की दुसरीला रात्रभर झोप नाही.

* * *

दत्तूला सरकारी स्कॉलरशिप मिळाली आणि तो पुण्याला कॉलेजात जायचा ठरला, त्या दिवशी काशीकाकू पेढे घेऊन घरोघर फिरल्या. मुलानं अर्ज केला होता, परीक्षा दिली होती, सारं खरं. पण काकू सगळीकडे एकच सांगत होत्या, "आमी कुटं मागाय गेलतो? सरकारनंच मागून घेतलं माझ्या पोराला."

आमच्या दारात आल्या तेव्हा सासूबाईंनी हात पुढे केला, पेढा तोंडात टाकला, डोळे मिटून सावकाश खाल्ला. आता आशीर्वाद देतील म्हणून काकू थांबून राहिल्या.

"साखर कमी हाय," सासूबाई म्हणाल्या.

* * *

मग बबनची नादारी. हायस्कुलात गरिबाच्या मुलाला फी माफ होते, तिला नादारी म्हणतात. घर खरोखरच गरीब आहे का, हे बघायला शाळेचे एक मास्तर घरोघर येतात. ते येणार अशी कुणकुण लागली की चाळीत धावपळ! ज्यांची मुलं हायस्कुलात, ते आपापली तांब्यापितळेची भांडी उचलून अशा घरी नेऊन ठेवतात, जिथं नादारीचा अर्ज नाही. त्या वर्षी असं घर एकच होतं. आमचं.

माझ्या सबंध माहेरात नसतील एवढ्या हंडे-घागरी-परातींनी आमची खोली भरली. पाय ठेवायला जागा नव्हती. मास्तर आले, रिकामी घरं बघत बघत निघाले. ऊन मरणाचं. त्यांनी प्यायला पाणी मागितलं, तर कुणाच्या घरात धड तांब्यासुद्धा नाही! शेवटी त्यांना आमच्याकडे पाठवलं.

मास्तर उंबऱ्यातच थबकले. म्हणाले, "लग्न निघालंय का घरात?"

इथं सासूबाईंनी हो म्हणायचं होतं. पण उभ्या जन्मात त्यांच्या घराकडे बघून कुणी असं थबकलं नव्हतं. त्यांनी पदर सावरला. "न्हाई, न्हाई. आमचं रोजचंच हाय ह्ये."

मास्तर पाणी प्यायले. समोरच्या मोठ्या घागरीवर ठोके मारून नाव कोरलेलं होतं, ते त्यांनी वाचलं. काशीबाई.

"ती व्हय?" सासूबाई म्हणाल्या. "सुनेच्या लग्नात काशीनं आहेर केला. तिचा हात लई सैल!"

बबनला त्या वर्षी निम्मीच नादारी मिळाली. काकू घागर न्यायला आल्या, तेव्हा दारातच उभ्या राहिल्या. "न्हेऊ का," त्यांनी विचारलं, "का आहेर परत न्हेत न्हाईत?"

* * *

मागच्या अंगाला नरसय्या राहतात. तेलुगू बोलणारं विणकराचं घर. त्यांच्या खोलीतला माग पहाटेच सुरू होतो. त्यांचा थोरला मुलगा, आता लग्नाच्या वयाचा, सरकारी विणकाम शाळेत दाखल झाला. तिथं नव्या तऱ्हेचा माग चालवायला शिकवतात आणि उमेदवाराला दरमहा स्टायपेंड देतात. यावर सगळ्यांत जास्त कोण जळलं असेल? त्याचे वडीलच. गल्लीत ज्याला त्याला थांबवून सांगायचे, "मी माज्या बापाकडं शिकलो, तवा मला फकस्त मार मिळाला. ह्याला त्येच शिकायला सरकार पैसे देतंय."

पण एकदा पैसे हातात यायला लागल्यावर नरसय्यांचं मत पालटलं. आता त्यांना वेगळीच धास्ती. मुलाचा हात इतका बसलेला, की याला सगळं येतंच असं म्हणून काढून टाकलं तर? त्यांनी मुलाला बसवून बजावलं, शाळेत फार नीट विणायचं नाही. मधेमधे धागा तोडायचा. काठ जरा वाकडा जाऊ द्यायचा.

मुलगा आज्ञाधारक. काही महिने त्यानं मन लावून वाईट विणलं. आणि एका सकाळी मागाचा आवाज एकदम थांबला, पाठोपाठ नरसय्यांचा चढला. घरच्या मागावरच्या, गिऱ्हाइकाच्या लुगड्याचा काठ सापासारखा वळला होता.

"घरातबी स्टायपेंडचं इनतोस व्हय रे?"

* * *

काशीकाकूंची वत्सला माझ्याच वयाची. लग्नानंतर वर्षाच्या आत नवरा तापानं गेला आणि ती माहेरी परत आली. तिला ट्रेनिंग कॉलेजात जागा मिळाली. स्टायपेंडसकट! ही बातमी नळावर आली तेव्हा एकजण म्हणाली, "नशीब काढलं बाई पोरीनं." नळ तेवढा वाहत राहिला.

मी मात्र हंडा भरून घरी आले आणि दिवसभर कुणाशी धड बोलले नाही. तशी मी रोजच बोलत नाही, त्यामुळे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत वत्सला आली. पायात चपला, हातात काळी छत्री, आणि बोलताना दर वाक्याला "आमच्या होस्टेलात". त्या छत्रीवरून माझी नजर हलेना. छत्री तरी काय, साधी पुरुषी छत्री. पण ती तिची तिनं घेतलेली होती.

ती माझ्या चुलीपाशी येऊन बसली. मी भाकरी थापत होते. माझ्या हातांतल्या बांगड्या वाजत होत्या, त्याकडे ती बघत राहिली. मग म्हणाली, "तुझं बरं आहे, वहिनी."

मी तिच्या छत्रीकडे बघत होते. ती माझ्या बांगड्यांकडे. तव्यावरची भाकरी करपून काळी झाली तेव्हा दोघींना एकदमच वास आला.

* * *

त्या करपलेल्या भाकरीवरून सासूबाईंचा बांध फुटला. "काशीची लेक मास्तरीण होणार, आन् आमची सून भाकऱ्या जाळत बसणार? ही सातवी पास हाय की! आमाला सरकार न्हाई का?"

मला हवं होतं ते असं, न मागता, सासूबाईंच्या तोंडून बाहेर पडलं. मी पदराआड तोंड लपवलं. यांना काही विचारण्यात आलं नाही. ट्रेनिंग कॉलेजासाठी शिफारस करणाऱ्या इन्स्पेक्ट्रेसबाई तपासणीला मुलींच्या शाळेत आल्या होत्या. सासूबाईंनी टांगा बोलावला आणि आम्हां दोघांना त्यात घातलं.

बाई चष्म्यातून बघणाऱ्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी मला वाचायला लावलं, एक गणित घातलं. मी ते सोडवलं. बाईंची मान हलली.

"मुलगी हुशार आहे," बाई म्हणाल्या. "पण स्टायपेंडच्या जागा थोड्या. आमच्याकडे आधी विधवांना घेतात. उरल्या तर बाकीच्यांना."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग आम्ही दोघींनी यांच्याकडे पाहिलं. हे टोपी मांडीवर ठेवून कोपऱ्यातल्या बाकावर बसले होते.

"मी जरा बाहेर थांबतो," हे म्हणाले.

बाई हसल्या नाहीत. त्या सासूबाईंच्या पांढऱ्या कपाळाकडे बघत होत्या. "तुमचं शिक्षण किती?"

"माजं?" सासूबाई गडबडल्या. एवढ्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलंच नसावं. "चौथी. पयल्या नंबरानं."

"घरी अभ्यास करून सातवीची परीक्षा द्या. वयाचं मी बघते. पुढच्या साली अर्ज करा. मात्र एका घरातून एकीचीच शिफारस करता येईल मला."

आम्ही टांग्यातून परत निघालो. नवी पेठ आली तशी सासूबाईंनी टांगा थांबवला आणि यांना समोरच्या दुकानातून सातवीचं अंकगणित आणायला सांगितलं.

"आई, हिची सातवी झालीय."

"तुला आण म्हटलं न्हवं?"

हे उतरून गेले. सासूबाई बराच वेळ घोड्याच्या कानांकडे बघत बसल्या. मग माझ्याकडे न वळता म्हणाल्या, "अपूर्णांक तेवढे तू शिकव मला. काशीला कळू द्यायचं न्हाई."

मी मान हलवली. पण माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं. त्यांनी माझा हात हातात घेतला, बांगड्या नीट सारख्या केल्या.

"तुला कशाला पायजे गं? तुझा नवरा हाय की."