भाऊजींनी न विकलेली पॉलिसी

आम्ही कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेतोय हे फोनवर सांगितलं तेव्हा सासूबाईंनी तो शब्द आधी दोनदा म्हणायला लावला. मग म्हणाल्या, "अगं, चांगलं घर आहे ना तुम्हाला? मग गाडीत का राहायचं?"

राहायचं नाही, सुट्टीत फिरायचं, असं मी सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. पण दोन मुलं, नवऱ्याला बाहेरचं खाणं सोसत नाही, आणि ड्युसेलडॉर्फच्या ऑफिसात वर्षभर मान मोडून काम केल्यावर सुट्टीतसुद्धा हॉटेलवाल्यांच्या वेळा कुणी पाळायच्या? आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या जोडप्याला त्यांची कॅरॅव्हॅन विकायची होती. आजोबांची कंबर गेली होती. गाडी जुनी, पण लख्ख. आत शेगडी, छोटं बेसिन, पडद्यांना चक्क इस्त्री केलेली.

आता विमा. "ते तुझं काम," नवरा म्हणाला.

ते माझंच काम असतं. माझ्या माहेरी पिठाची गिरणी. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मीच पहिली, आणि इंजिनिअर झालेलीही. कॉलेजात गेल्यापासून घरात येणारा प्रत्येक छापील कागद आधी माझ्यासमोर यायचा. पुढे पुढे गल्लीतले लोकही दळणाबरोबर आपापले कागद घेऊन यायला लागले. मी बारीक अक्षरातलं सगळं वाचायची आणि जे असेल ते तोंडावर सांगायची. ही सवय मी जर्मनीत घेऊन आले. मला तिचा अभिमान आहे. जे झालं त्यानंतरही आहे, आणि त्याचाच जास्त त्रास होतो.

नवऱ्याचा एकच प्रश्न होता. "काही झालंच नाही, तर शेवटी परत किती मिळणार?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

आपल्याकडे विमा म्हणजे मुलीच्या लग्नाच्या सुमारास हातात येणारी रक्कम. तिकडे पॉलिसी घेतली की माणूस ती कधी पिकते याची वाट बघतो. इथे दरवर्षी भरायचं आणि काही झालं नाही म्हणून समाधान मानायचं. "आल्झो, म्हणजे पैसे पाण्यात," नवरा म्हणाला आणि मोकळा झाला.

त्यातली पहिली गोष्ट सोपी होती. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा विमा सक्तीचा, आणि कॅरॅव्हॅनचा तो स्वस्तच असतो. प्रश्न आपल्या गाडीचा होता. गारा, वादळ, चोरी, आग यांच्यासाठी वेगळा विमा, टाइलकास्को. तो स्वस्त हवा, आणि वेळ आली की पैसे देणारा हवा. स्वस्त कुठला ते कागदावरून कळतं, पण पैसे कोण देतं ते कागदावर लिहिलेलं नसतं.

ते मला ऱ्हाइनच्या काठी कळलं. गाडी नावावर करण्याआधी आजोबा आम्हाला त्यांच्या नेहमीच्या कॅम्पिंगप्लात्झवर, कॅरॅव्हॅनवाल्यांच्या तळावर, कॉफीला घेऊन गेले. तिथे मी खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, "तुमच्यापैकी कुणाच्या गाडीवर गारा पडल्यात?" जर्मन माणसाला पगार विचारला तर तो दुखावतो, पण विम्याचं विचारलं तर केक कापतो. एकानं छपरावरचे पोचे दाखवले. एका बाईंनी सांगितलं, त्यांच्या कंपनीनं दारापुढचा तंबू धरलाच नाही, कारण तो कागदावर वेगळा लिहिलेला नव्हता. तिसरे म्हणाले, खिडक्या नीट बघा, कॅरॅव्हॅनच्या खिडक्या प्लास्टिकच्या असतात आणि काही कंपन्या त्यांना काच मानत नाहीत. "आणि जुन्या गाडीची किंमत कशी ठरवतात ते विचारा," आजोबा म्हणाले. दोन कंपन्यांबद्दल मात्र सगळे चांगलं बोलले. माणूस येतो, बघतो, पैसे देतो. मी खूश होऊन घरी आले. माझं काम झालं होतं.

झालं नव्हतं. कारण आमच्यात भाऊजी होते.

भाऊजी म्हणजे नवऱ्याचे मित्र, नागपूरकडचे. आमच्या आधीपासून इथे. धाकट्याच्या वेळी मला हॉस्पिटलात त्यांनीच नेलं, नवरा तेव्हा ड्रेस्डेनला कामावर होता. त्यांच्या बायकोनं मला अळिवाची खीर करून घातली, ती माझ्या बहिणीसारखी माझ्या उशाशी बसली. मग भाऊजींच्या कंपनीनं त्यांचा विभागच बंद केला आणि नोकरी गेली. चांगला इंजिनिअर, पण बाजार मंद होता आणि वय चाळिशीकडे. शेवटी त्यांनी एका विमा कंपनीची एजन्सी घेतली आणि आमच्या मराठी मंडळींकडे यायला लागले.

मंडळी पॉलिसी घ्यायची ती भिडेपोटी. गरज आहे का, हे कुणी विचारायचं नाही. दारात आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? एका गृहस्थांनी कोर्टकचेरीच्या खर्चाचा विमा घेतला आणि म्हणाले, "चला, आता बिनधास्त भांडायला हरकत नाही." सगळे हसले, भाऊजीही हसले. पण त्यांची बायको हसली नाही. नंतर पुऱ्या लाटताना तिनं मला सांगितलं, "ताई, डिसेंबरपर्यंत पुरेसे करार झाले नाहीत तर कंपनी एजन्सी काढून घेणार आहे. करार छोटा का मोठा ते बघत नाहीत, नुसते मोजतात. नाही जमलं तर आम्ही परत भारतात. पोरीला मराठी लिहिता येत नाही हो. कुठल्या शाळेत घालू तिला?"

पोरगी बाजूलाच होती. तिला सगळं कळत होतं. ती जर्मनमध्ये म्हणाली, "मी कुठेही जाणार नाहीये."

म्हणून आमच्या कॅरॅव्हॅनचा विमा भाऊजींकडूनच घ्यायचा, हे नवऱ्यानं न बोलता ठरवून टाकलं होतं. मीही ठरवलं होतं, असं म्हटलं तरी चालेल. भाऊजींनी आधी पाठवलेले कागद मी वाचले. तंबू नाही. प्लास्टिकच्या खिडक्या नाहीत. आणि इतक्या जुन्या गाडीची किंमत त्यांच्या तक्त्याप्रमाणे जवळजवळ शून्य. म्हणजे दरवर्षी भरायचं आणि गारा पडल्या की आपल्याच पोच्यांकडे बघत बसायचं.

रविवारी आम्ही त्यांच्याकडे गेलो. पोहे झाले होते. भाऊजी स्वतःच्या घरात टाय लावून बसले होते. ते बघूनच मला कसंतरी झालं. एरवी हा माणूस आमच्याकडे लुंगीवर पत्ते खेळायचा.

"वहिनी, सगळं भरून ठेवलंय. फक्त सही," ते म्हणाले.

"करते की. पण एक विचारू?"

"विचारा ना."

"तुमच्या सख्ख्या बहिणीनं अशी जुनी गाडी घेतली असती, तर तिला हीच पॉलिसी दिली असतीत?"

नवऱ्यानं टेबलाखालून माझा पाय दाबला. भाऊजींची बायको बशा घेऊन दारातच थांबली. भाऊजींनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.

"नाही," ते म्हणाले. "नसती दिली. आमची कंपनी पेन्शनच्या कामात चांगली आहे. कॅरॅव्हॅन हे आमचं काम नाही, वहिनी. तुम्ही दुसऱ्या कंपनीची घ्या." आणि मी आधीच निवडून ठेवलेल्या दोन कंपन्यांपैकी एकीचं नाव त्यांनी स्वतःच्या हातानं, स्वतःच्या कंपनीच्या कागदावर लिहून दिलं.

ते हो म्हणाले असते तर मी सही केली असती. आणि मनात त्यांना खोटारडा म्हणून ठेवलं असतं. ते नाही म्हणाले, म्हणून मी मोकळी झाले.

गाडीत नवरा धुसफुसला. "सही करून टाकायची. काय बिघडलं असतं?"

"आणि गारा पडल्या असत्या तर?"

"गारा पडल्या असत्या तर छप्पर ठोकून घेतलं असतं. त्या माणसाचा एक करार तरी झाला असता."

"मी त्यांना खोटं बोलायला लावायचं होतं का?"

"तू त्यांना बायकोसमोर विचारलंस," तो म्हणाला. आणि त्यानं रेडिओचा आवाज वाढवला.

मला तेव्हा ते लागलं नाही. उलट मला भाऊजींचा फार अभिमान वाटत होता. आणि त्यांचं देणं आपण फेडायला हवं, हेही वाटत होतं. एक करार गेला तर मी त्यांना दहा मिळवून देईन, असं मी ठरवलं. गणपतीत संधी मिळाली. भाड्याच्या हॉलमध्ये आरती झाली, प्रसादाची रांग लागली, आणि मी गिरणीत बोलतात तशा आवाजात सगळ्यांना सांगितलं, "विमा घ्यायचा तर भाऊजींकडून! असा माणूस मिळणार नाही. मला स्वतःच्या तोंडानं म्हणाले, वहिनी, ही पॉलिसी घेऊ नका. कुठला एजंट सांगेल असं?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणी तर टाळ्याही वाजवल्या. भाऊजी मोदकांचं ताट धरून उभे होते, ते नुसते खाली बघत राहिले. मला वाटलं, लाजले.

लोक त्यांच्याकडे गेले. अगदी मला हवं होतं तसं. फोन करून करून गेले. आणि प्रत्येकानं तेच विचारलं. भाऊजी, वहिनींना सांगितलंत तसं आम्हालाही खरं सांगा. हे आम्हाला लागतं का? एवढे दिवस भिडेनं कुणी तोंड उघडत नव्हतं. मी ते उघडून दिलं. आता भाऊजींना खरं विचारणं हा जणू त्यांचा मानच झाला होता. आणि त्यांनी प्रत्येकाला खरं सांगितलं. तुम्हाला लागत नाही. तुमचा दोनदा झालाय. तो कोर्टकचेरीचा तर रद्दच करा.

हे मला एका मैत्रिणीनं आनंदानं फोनवर सांगितलं. "तुझ्यामुळे आमचं केवढं वाचलं गं!"

मी फोन ठेवला आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतली. मुलगी विचारत होती काय झालं. तिला काय सांगणार होते? मी कुणाचं वाईट केलं नव्हतं. कुणाशी खोटं बोलले नव्हते. मी एका चांगल्या माणसाला चांगलं म्हटलं होतं.

दुसऱ्याच दिवशी ऑफिसातून सरळ त्यांच्याकडे गेले. "भाऊजी, घरातल्या सामानाचा विमा काढायचाय. आत्ता. द्या कागद."

"वहिनी, तो तुमचा आहे. मी बघितलाय, चांगला आहे."

"मग आमच्या दोघांच्या अपघाताचा."

"तोही आहे, तुमच्या ऑफिसकडून."

"मग पोरांचा काढा! काहीतरी काढा ना!"

ते हसले. खरंच हसले, रागानं नाही. "आता सवय लागली हो खरं सांगायची. तुम्हीच लावलीत."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. त्यांची बायको बाहेर आली नाही.

डिसेंबरात एजन्सी गेली. भाऊजींना पुण्यात ओळखीनं नोकरी मिळाली, आधीच्यापेक्षा खालची. मार्चमध्ये त्यांनी घर आवरलं. मी डबे करून नेले, खोकी बांधायला गेले. पोरगी रिकाम्या खोलीत पाठ फिरवून बसली होती. मी तिला मराठीत हाक मारली, तिनं जर्मनमध्येही उत्तर दिलं नाही.

तिच्या आईनं सगळी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळली. मी मदतीला हात पुढे केला की ती हळूच माझ्या हातातून भांडं काढून घ्यायची. शेवटी मी म्हटलं, "मी मुद्दाम नाही केलं गं."

"माहीत आहे, ताई," ती म्हणाली. "तुम्ही खरं बोलता, सगळ्यांना माहीत आहे. पण या वेळी ते आमच्याकडून वदवून घेतलंत."

 मी चिकटपट्टी घेतली आणि उरलेली खोकी बंद केली.

पुढच्या उन्हाळ्यात मोझेलच्या काठी गारा पडल्या. कंपनीचा माणूस आला, बघितलं, तंबूसकट सगळे पैसे दिले. नवऱ्यानं कधी नव्हे ते माझं कौतुक केलं. मी त्या रात्री नीट जेवले नाही. प्रश्न चुकीचा नव्हता, असं मी अजूनही म्हणते. तो त्यांना एकट्याला विचारायचा होता, आणि उत्तर माझ्यापाशी ठेवायचं होतं. एवढं कळायला पदवी लागत नाही. मला ते कळलं नाही.

दर दिवाळीला मी पुण्याला फोन करते. भाऊजीच उचलतात. आवाज तसाच मोकळा, प्रश्नही दरवर्षी तोच.

"काय वहिनी, गाडी काय म्हणते? गारा पडल्या का कधी?"

"पडल्या. पैसे मिळाले सगळे."

"बघा! सांगितलं होतं ना मी!" त्यांना खरोखर आनंद होतो. मग ते पोरीचं सांगतात. ती आता मराठी लिहिते, ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ घालते, जर्मन मात्र कुणाशी बोलत नाही.

"तिच्या आईला द्या ना जरा फोन," मी म्हणते.

पलीकडचे घरातले आवाज एकदम दबतात. भाऊजी रिसीव्हरवर हात ठेवत असणार.

"वहिनी, ती जरा कामात आहे," ते सांगतात.

खरं बोलायची सवय लागलेला माणूस. एवढं एक सोडून.