म्हातारीची बाज

शेजारच्या खोलीतला पोरगा विदर्भातला, तारापूरला कारखान्यात जातो. संध्याकाळी अंगणात उभा राहून वर दाखवायचा, "आजी, ते चार तारे म्हातारीची बाज. मागचे तीन चोर. म्हातारी झोपायची वाट पाहून राहिले."

आमच्या घिवलीत ते सात ऋषी. "ऋषींना चोर म्हणतोस, लाज नाय?" मी म्हणायचे.

माझा पाय मोडला तेव्हा गल्लीत रिक्षा शिरेना. तो दोन मित्रांना घेऊन आला, तिघांनी मला खाटेसकट उचललं.

"चोर आले, आजी."

"खाट न्या. मला कशाला?"

"म्हातारीबिगर बाज कोण नेते?"

दवाखान्यातून आले तर त्यानं खाट नव्या दोरीनं विणून अंगणात ठेवलेली.

आता मलाही वर ऋषी दिसत नाहीत.