मुलगी बघायला गेलो आणि नेट जोडत बसलो

टेंभुर्णीहून आईला घेऊन मी जुन्या जालन्यात मुलगी बघायला गेलो, तेव्हा घरोघरी नुकतंच नेट येऊ लागलं होतं. मुलीचा फोटो आधीच बघितला होता आणि हे स्थळ मला मनापासून हवं होतं. खाली मुलीच्या वडिलांचं कापडाचं दुकान, वर घर. मी कॉम्प्युटरची कामं करतो हे कळताच त्यांनी पोहे होईपर्यंत मला दुकानातल्या कॉम्प्युटरपुढे बसवलं.

"पाव्हणं, नेट सारखं येऊन जाऊन राह्यलंय. एवढं बराबर करा, मंग बोलणी करू."

लिनक्स होतं, फुकट मिळतं म्हणून घातलेलं. आयपी पत्ता हाताने टाकून कायमचा केलेला, शेवटी नऊ. गेटवे, मास्क वगैरे बाकीची सेटिंग बरोबर, वायर नवीकोरी. नेटवर्क बंद करून चालू केलं की नेट यायचं आणि लगेच वरून मुलीचा आवाज, "बाबा, नेट गेलं." तिने वर तेच केलं की माझं जायचं. मला घाम फुटला. आई तर अशी बघत होती, जणू मी पुन्हा दहावीला बसलोय.

शेवटी विचारलं, "वरच्या कॉम्प्युटरचा पत्ता काय?"

"नऊच की, आपला लकी नंबर. स्कूटरला नऊ, फोनला नऊ. पोरीला काय दुसरा देऊ?"

दोन घरांना एकच नंबर दिला तर पोस्टमन कुठं जाईल, असं समजावलं. पटलं, पण दुकानाचा नऊ हलवायला ते बिलकुल तयार नव्हते. मग सगळ्यांसोबत वर जाऊन मी मुलीच्या कॉम्प्युटरला आठ टाकला. दोन्हीकडे नेट सुरू झालं आणि माझ्यामागे उभ्या असलेल्या वडिलांचा चेहरा पडला.

"आठ म्हंजे शनी. माझ्या पोरीच्या मागं शनी लावला तुमी. हे काई जमायचं न्हाई."

हे नेटबद्दल नव्हतं, स्थळाबद्दल होतं.

मुलगी पोह्यांची ताटली माझ्या हातात देत वडिलांना म्हणाली, "नुसता आठ काय धरता, बाबा? पूर्ण पत्त्याची बेरीज करा."

एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, आठ. वडिलांनी एकेक आकडा बोटांवर मोजला. छत्तीस झाले. तीन आणि सहा, नऊ. मग त्यांनी दुकानाच्या पत्त्याची केली. सदतीस. ते गंभीर झाले.

"म्हंजे खालचाच चुकीचा व्हता. खाली बी आठ टाका, जावईबापू."

मुलगी ओढणी तोंडाला लावून हसत होती. मी पुन्हा काही समजावायला तोंड उघडलं, आईकडे बघून मिटलं, आणि खाली जाऊन मुकाट्याने आठ टाकला. बायको हातची जाण्यापेक्षा नेट गेलेलं परवडलं.